वेळापत्रकातला विसावा

ज्येष्ठ वद्य अष्टमी जवळ आली की माउलींच्या पालखी सोहळ्याचं वेळापत्रक हातोहात फिरू लागतं. त्यात तिथी असते, वार असतो, मुक्कामाचं गाव असतं. आणि रोजच्या वाटचालीत सकाळचा विसावा कुठे, दुपारचं जेवण कुठे, त्यानंतरचा विसावा कुठे, हेही लिहिलेलं असतं. मला या वेळापत्रकाचं फार अप्रूप आहे. आषाढी एकादशी कुणासाठी एक दिवसही पुढे जात नाही. लाखो माणसांनी, त्यातल्या कितीतरी साठी ओलांडलेल्यांनी, त्या दिवशी पंढरपुरात असायचंच असतं. इतकी पक्की मुदत डोक्यावर असलेला प्रवास दुसरा कुठला असेल? तरी आखणाऱ्यांनी टेकायच्या जागा आधी मांडल्या आणि त्यांच्या मधोमध चालणं बसवलं. उशीर झाला तर विसावा थोडा आखडता घेतात, पण अजिबात गाळत नाहीत.

विसाव्याच्या ठिकाणी फार काही घडत नाही. पालखी ओट्यावर ठेवतात, लोक दर्शनाला लागतात, दिंड्या आजूबाजूच्या शेतात, झाडाखाली विखुरतात. कुणी चपला काढून तळवे चोळतं. बायका डोईवरची तुळस हळूच खाली ठेवतात आणि मानेवर हात फिरवतात. विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा मात्र खाली टेकत नाही, म्हणून दुसरा कुणीतरी पुढे होऊन ती आपल्या गळ्यात घेतो आणि पहिला मोकळा होतो. हे गळ्यातून गळ्यात जाणं मला वारीतल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं. वीणा थांबत नाही आणि माणूसही थकून पडत नाही, कारण त्याची जागा घेणारा शेजारीच उभा असतो. एकट्याच्या निग्रहावर वारी कधी चाललेली नाही.

पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. माउलींच्या वाटेवरचा पुणे-सासवड हा सगळ्यात लांब टप्पा. घाटाच्या चढाला रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. आणि या टप्प्यानंतर सासवडला एक नव्हे, दोन मुक्काम असतात. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या सोहळ्याला शिस्त लावली. पुढे वर्षानुवर्षं जाणत्यांनी ती राखली, वेळेनुसार बदलली. पाय कुठे बोलू लागतात हे चालणाऱ्यांनाच कळतं. सासवडचा जादा दिवस त्यांच्या पायांनीच मागून घेतला असणार, असं मला मनापासून वाटतं.

सासवडनंतर जेजुरी. तिथे खंडोबाच्या गडाच्या पायथ्याशी माउलींची पालखी थांबते, भंडारा उधळला जातो. आणि खंडोबाचं नाव निघालं की माझं मन दरवेळी परळ-लालबागच्या गिरण्यांकडे जातं, कारण खंडोबाचा वार रविवार आणि आपल्याला रविवारची सुट्टी मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, स्वतः मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. रविवार मागताना त्यांनी खंडोबाचा दाखला दिला असं सांगतात. गिरण्यांमधले बहुसंख्य कामगार घाटावरचे आणि कोकणातले, तेव्हा हा दाखला त्यांच्या काळजाला भिडला असणार यात शंका नाही. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारची ही गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी जे निवेदन गेलं, त्यातल्या दुसऱ्या मागणीबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. ती मागणी होती, दुपारी अर्धा तास विश्रांतीची. बाकीच्या मागण्या म्हणजे काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच असावं, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. या यादीत अर्धा तास बसवणाऱ्या माणसाला श्रम म्हणजे काय हे आतून माहीत होतं. आठवड्याचा एक दिवस घरच्यांसाठी, देवासाठी, धुण्याभांड्यांसाठी लागतो. पण सकाळी साडेसहाला साच्यावर उभ्या राहिलेल्या बाईच्या पोटऱ्यांना रविवारपर्यंत दम धरता येत नाही. त्यांना त्याच दिवशी, दुपारीच, बसायला हवं असतं. कापसाची रुई नाकातोंडात जात असताना यंत्राच्या कडेला उभ्याउभ्या भाकरी खाणं आणि अंगणात सावलीला मांडी घालून खाणं, यांत भाकरी तीच असली तरी जेवण वेगळं.

१८९१च्या कारखाना कायद्याने आठवड्याची सुट्टी आली, आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान काम अर्धा तास थांबवण्याची तरतूदही आली. लोखंडे १८९७च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगने गेले. आज एक वाजता आपण डबा उघडतो तेव्हा त्या डब्याखालच्या टेबलावर या माणसाचा हात आहे, असं मी मानते.

डब्याचंच सांगायचं तर मुंबईच्या डबेवाल्यांचा धंदाही १८९०च्या सुमारासचा, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर इकडची ही माणसं, गळ्यात तुळशीची माळ घातलेली पुष्कळ. सायकली, हातगाड्या, लोकलचा मालडबा, हे सगळं धावपळीचं काम चालतं ते दुपारी एकच्या आत डबा पोचावा म्हणून. हजारो माणसांच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ ठरलेली, म्हणून त्यांच्या दिवसाला आकार. डबे पोचवून झाले आणि रिकामे गोळा करायची वेळ व्हायची असली की हीच माणसं एखाद्या इमारतीच्या आडोशाला गोल करून बसतात आणि स्वतःचे डबे सोडतात. चटणी या डब्यातून त्या डब्यात जाते. घड्याळाशी इतकं बांधलेलं काम करणारे लोक स्वतःचं जेवण मात्र घाईने उरकून टाकत नाहीत. फोर्टात त्यांना असं बसलेलं पाहिलं की माझा चालण्याचा वेग आपोआप मंदावतो.

माझं आजोळ शेतकऱ्याचं. तिथे दुपारी उन्हं तापली की औत सोडायचं, यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. पेरणी कितीही अंगावर आलेली असो, आभाळ कितीही भरून आलेलं असो, बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं जायचं, त्यांना पाणी दाखवलं जायचं, निंबाखाली बांधून वैरण टाकली जायची. मग आजोबा स्वतः बसायचे. क्रम असाच, आधी जनावर, मग माणूस. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू जिथे घासतं त्या खांद्याला लोणी-हळद लावून चोळतात, शेकतात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. मोठी माणसं ते आवतण पाहुण्याला द्यावं तसं बैलाच्या कानाशी देत. लहानपणी मला त्यात गंमत वाटे. आता वाटतं, श्रम करणाऱ्याच्या अंगावर नेमका भार कुठे येतो हे शोधून तिथेच हात ठेवणं, याहून मोठा मान कुठला? वर्षातून एकदा पोळा असतोच, पण बैल टिकायचे ते रोज दुपारी औत सुटायचं म्हणून.

मग घरातल्या बायकांचं औत कधी सुटायचं? हा प्रश्न मला फार उशिरा पडला, कारण आजी मला कायम हात चालवतानाच दिसली. पण आईला मी एका वेळी बसलेलं पाहिलं आहे. दुपारी रेडिओवर ‘वनिता मंडळ’ लागायचं तेव्हा. आकाशवाणी मुंबईचा हा बायकांसाठीचा कार्यक्रम. आई त्या वेळी गहू निवडत असेल किंवा मेथीची पानं खुडत असेल, हात अगदीच रिकामे नसत, पण ती बसलेली असे, भिंतीला पाठ टेकून. आणि त्या वेळात तिला हाक मारायची नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. रेडिओचा कार्यक्रम मागे-पुढे करता येत नव्हता. चुकला तो चुकला. त्यामुळे आईला रोज दुपारी ती वेळ राखावीच लागे, आणि आम्हालाही तिची वेळ राखावी लागे. आता हवं ते हवं तेव्हा ऐकता येतं. सोय झाली हे खरंच आहे. पण दिवसाला बाहेरून कुणीतरी घालून दिलेला तो बांध निघून गेला, आणि कधीही ऐकता येईल ते बहुतेक वेळा ऐकायचं राहूनच जातं. विश्रांतीचंही तसंच झालं आहे. ‘जरा वेळ मिळाला की बसू’ असं म्हणणाऱ्याला तो वेळ संध्याकाळपर्यंत मिळत नाही. काम सांडेल तितकी जागा व्यापतं, आणि ठरवून राखलेली जागा नसेल तर शेवटचा कोपराही घेतं.

चहाच्या सुट्टीचा इतिहास वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला चहा-मळेवाल्यांच्या संघटनेने गिरण्या, कारखाने, खाणी अशा ठिकाणी चहाच्या टपऱ्या सुरू करायला आणि कामगारांना त्यासाठी वेळ द्यायला मालकांना राजी केलं. उद्देश चहा खपवण्याचा होता. पण मागे राहिली ती दिवसात दोनदा मिळणारी मोकळी दहा मिनिटं. ती कामगारांनी आपली केली, तिथे गप्पा झाल्या, लग्नं जुळली, संपांची बोलणी झाली. हेतू काहीही असो, वेळ हातात आला की माणसं त्याचं सोनं करतात.

मी फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. दिवसभर पडद्यावर आकडे. डोळ्यांच्या डॉक्टरांचा एक साधा नियम आहे, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांवरच्या कशाकडे तरी बघायचं. जवळचं सतत पाहताना डोळ्यातला एक लहानसा स्नायू आखडलेला राहतो, लांब पाहिलं की तो सैल पडतो. शिवाय पडद्याकडे बघताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. वीस सेकंद म्हणजे किती थोडा वेळ! शरीराच्या मागण्या इतक्या लहान असतात आणि तरी त्या आपण नाकारतो, याचं मला वाईट वाटतं.

माझ्या खिडकीतून वीस फुटांवर समोरच्या इमारतीची भिंत येते. म्हणून दुपारी जेवण झालं की मी हॉर्निमन सर्कलच्या बागेत जाते. पूर्वीचं हे एल्फिन्स्टन सर्कल. पुढे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव त्याला दिलं गेलं. मोठमोठी झाडं, गोल वाटा, बाकं. दुपारी त्या बाकांवर अर्धं फोर्ट झोपलेलं असतं. बँकेचे शिपाई, कुरिअरची मुलं, वकिलांचे कारकून, बूट काढून, पिशवी उशाशी घेऊन. कुणी कुणाला उठवत नाही. समोर एशियाटिकच्या टाउन हॉलच्या पायऱ्या आहेत, १८३३ सालच्या. तिथेही सावली सरकेल तसतशी माणसं सरकत बसलेली असतात. मी फार काही करत नाही. एक फेरी मारते, मग बसते आणि झाडाच्या शेंड्याकडे बघते. सुरुवातीला फोन बरोबर न्यायची. तेव्हा बागेत बसूनही मी कार्यालयाच्या ग्रुपवरच असायची. आता तो ड्रॉवरमध्ये राहतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या शिंदे बाईंना मी सांगून जाते, “जरा जाऊन येते हं,” आणि त्या म्हणतात, “जा, मी आहे.” त्या चारच्या सुमाराला जातात तेव्हा हेच वाक्य मी त्यांना म्हणते. वीणेची आठवण मला इथेच होते. ‘मी आहे’ म्हणणारं कुणी असल्याशिवाय नोकरीतल्या माणसाला खऱ्या अर्थाने उठता येत नाही. उठलं तरी मन टेबलावरच राहतं.

घरी जातानाच्या लोकलमध्येही मला हे दिसतं. मध्य आणि पश्चिम, दोन्ही मार्गांवर ठरलेल्या गाड्यांच्या ठरलेल्या डब्यांत भजनी मंडळं आहेत. टाळ पिशवीतून निघतात, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरला जातो, आणि अंग हलवायला जागा नसलेल्या गर्दीत तासभर माणसं गात राहतात. बायकांच्या डब्यात भजनं असतात, हळदीकुंकू असतं, नवरात्रात नऊ रंग असतात, आणि मटारही सोलले जातात. कुणी म्हणेल, मटार सोलणं ही विश्रांती कसली? माझं मत असं की जिच्याकडून घरी गेल्यावर चार माणसं जेवणाची अपेक्षा करणार आहेत, तिला मैत्रिणीशी बोलत बोलत मटार सोलायला मिळणं हा विसावाच आहे. आता या मंडळांत तरुण माणसं कमी दिसतात, ती हेडफोन घालून बसलेली असतात. त्यांचं संगीत त्यांच्यापाशी असतं आणि त्यातही त्यांना बरं वाटत असेल. मला फक्त इतकंच वाटतं की त्यांची जागा धरून ठेवणारं, ‘आज आला नाहीस?’ विचारणारं कुणी त्या प्रवासात नाही.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला सतत टोचते आहे. बागेत जाऊन येण्याची मुभा मला आहे. बीडहून, अहिल्यानगरहून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना ती नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, मजुरी टनावर. ताप आला, पाळी आली, पोर आजारी पडलं म्हणून एक दिवस फडात गेलं नाही तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. तिथे थांबणं म्हणजे कर्ज वाढवणं. अशा बाईला छोट्या विश्रांतीचे फायदे सांगायला जाणं हा तिचा अपमान होईल. तिला दुपारचा तास, सावली, पिण्याचं पाणी आणि न कापलेली मजुरी हवी आहे.

शहरात कापडाच्या आणि सोन्याच्या झगमगीत दुकानांत काम करणाऱ्या मुली पाहा. गिऱ्हाईक नसतानाही उभ्या. केरळमध्ये कोळिकोडच्या विजी यांनी अशा बायकांना संघटित केलं. तिथल्या विक्रेत्या दिवसभर बसू शकत नव्हत्या, आणि स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीही पीत नव्हत्या. त्यांच्या लढ्यानंतर २०१८ साली केरळने कायद्यात बसण्याचा हक्क घातला. २०२१ साली तामिळनाडूनेही तो दिला. लोखंड्यांच्या निवेदनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी बायकांना खुर्चीसाठी कायदा मागावा लागला.

आपल्याकडे २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती. २०२५च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून दहावर आणि सलग कामाची मर्यादा पाचावरून सहा तासांवर न्यायला मान्यता दिली. कागदावर हा एका तासाचा फरक. दिवसभर उभ्या असलेल्या मुलीच्या पायांना तो कसा लागेल, हे कळायला दुकानात एक तास उभं राहून पाहावं. हे पाऊल मागे नेणारं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा बदलायचा तेव्हा बदलेल, त्यासाठी बोलत राहायलाच हवं. पण वाचकहो, तुमच्या इमारतीच्या फाटकाशी वॉचमन असेल, दुकानात कुणी कामाला असेल, घरी पोळ्या करायला ताई येत असतील. त्यांना बसायला पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्या, त्यांची दुपारची वेळ एकदा त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि त्या वेळात त्यांना हाक मारू नका.